ढमीला हाकलायचं कोणी?

आमच्या ह्यांना रागावता येत नाही. लग्न झाल्यापासून घरातला राग मीच सांभाळते. दुकानदाराला झापायचं मी, शेजाऱ्यांशी भांडायचं मी. हे आपले मागे उभे राहून "जाऊ दे गं" म्हणणार. आणि नेमकी ह्याच माणसावर ओरडायची वेळ आली, तीही एका पाखरावर!

हे एका पक्षी-केंद्रात कामाला आहेत. समोरच्या बेटावर एक न उडणारा, गुबगुबीत पक्षी राहतो. उंदरांनी अंडी फस्त केली, आणि मादी म्हणाल तर बेटावर औषधालाही उरली नाही. वाचलेलं एकच अंडं केंद्रात आणलं, त्यातून ढमी निघाली, ती थेट ह्यांच्या ओंजळीत. भरवलं ह्यांनी, निजवलं ह्यांनी. माझ्या आजारपणात एवढं केलं असतं तर!

आता बेटावरचे उंदीर संपवले होते, म्हणून ढमीला तिथे सोडायचं होतं. पण तिथे येणारी माणसं पाखरं पिशवीत घालून नेतात. म्हणून केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "माणूस दिसला की ती पळाली पाहिजे. नाहीतर जन्मभर इथेच पिंजऱ्यात."

हे रोज हाकलायला जायचे. कसे? "ढमे, जा बरं तिकडे!" इतक्या लाडाने मला कधी हाक मारली नाही.

शेवटी मला बोलावलं. मी पातेलं आणि उलथनं घेऊन गेले, आणि असा काही दणदणाट केला की डॉक्टरीणबाईही दचकल्या. ढमी पळाली की! कुठे? ह्यांच्या पायांमागे. वर तिथून डोकावून मलाच बघत होती, भवानी!

"हे भलतंच झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरली की माणसाकडेच जायचं, हे शिकली ती."

 माझ्या हातातलं पातेलं घेऊन ह्यांनी ते ढमीच्या पुढ्यात आपटलं. "चालती हो!"

ती बाजूला झाली आणि मान खाजवून घ्यायला पुन्हा जवळ आली. ह्यांनी पुन्हा आपटलं. "चालती हो म्हणतो ना!" गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. हा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. ढमी कर्कश किंचाळली आणि झुडपात दिसेनाशी झाली. तिचा आवाज ऐकून पलीकडच्या पिंजऱ्यातले तिच्या जातीचे नरही पटापट दडले.

"सोडू या हिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे तिथेच उभे. "ऐकलंस? मला ओरडली!" हसत होते आणि डोळ्यांना धार लागली होती.

एरवी माझा टोमणा तयार असतो. "छान रागावलात हो," एवढंच म्हटलं, आणि चारचौघांत त्यांचा हात धरून बाहेर निघाले. मागे ढमी अजून ओरडतच होती.