वळचणीखालची लेकरं

तिसरा रांजण निघाला त्या दिवशी वितालियाने घरी पाच वेळा फोन केला. पाचव्यांदा सासूबाई म्हणाल्या, "ग्रेका झोपलीय. श्वास घेतेय. नाकाशी आरसा धरून बघितला. झालं समाधान?"

वितालियाने फोन खिशात टाकला. पाच महिन्यांची लेक घरी ठेवायची आणि दुसऱ्या कुणाची अठराशे वर्षांपूर्वीची लेकरं मातीतून उचलायची. कॉलेजात तिने हे उत्खननाचं काम हौसेने निवडलं होतं. तेव्हा हाडं म्हणजे हाडंच होती.

सार्डिनियाच्या त्या पठारावर काळ्या दगडांचा नुरागे उभा होता. रोमन यायच्या हजार वर्षं आधी कुणीतरी तो बुरूज रचला, आणि पुढे रोमनांच्या काळात कुण्या शेतकऱ्याने त्याच्या पाठीला पाठ लावून घर बांधलं. घर कधीच गेलं, पायाच्या दगडांची ओळ तेवढी उरली. त्या ओळीबाहेर, जिथे एके काळी पागोळ्या गळत असतील, तिथे हात-हात अंतरावर तेलाचे निमुळते रांजण पुरलेले. प्रत्येकाची मान कापलेली, आत काही दिवसांचं लेकरू, आणि कापलेला तुकडा झाकणासारखा परत बसवलेला.

"तान्हं मूल गेलं तर गावाबाहेर नाही न्यायचे," ती बाकीसला म्हणाली. "वळचणीखाली ठेवायचे. घराशीच."

बाकीस गावचा गवंडी, यंदा खोदकामावर होता. त्याने फावडं टेकवलं आणि ओळीच्या टोकाला बसलेल्या म्हातारीकडे हनुवटीने खूण केली. "ऐकलंत का त्सिया? आजही सोनं नाही. उद्या या."

गावात म्हाताऱ्या बाईला त्सिया म्हणतात. ही त्सिया मल्लेना, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. खालच्या मेंढवाड्यातून रोज सकाळी स्वतःचं स्टूल घेऊन यायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत हलायची नाही.

"तुझ्या आज्याने इथले दगड नेऊन डुकरांचं खोपट बांधलं," ती म्हणाली. "सोनं त्यात शोध. तुमच्या घरात तेवढीच जागा स्वच्छ असायची."

बाकीस हसला. म्हातारीने मग वितालियाकडे बघून रोजचाच प्रश्न विचारला. "आता कुठल्या बाजूला?"

"कोपऱ्याकडे."

"कोपरा राहू दे, पोरी. तिथे काही नाही."

हे तिने आठवड्यात चौथ्यांदा सांगितलं होतं. वितालियाला वाटलं, हिच्याही मनात ते गुप्तधनाचं वेड आहे. या पठारावर प्रत्येक घराला आपापला हंडा ठाऊक असतो. शिवाय कोपरा सोडणं तिच्या हातात नव्हतं. पर्यटकांसाठी लोखंडी पायवाट व्हायची होती आणि तिचा एक खांब नेमका तिथेच बसणार होता.

गुरुवारी कोपऱ्यात रांजण नाही, कौलं लागली. एकमेकांना टेकवून खोपीसारखी उभी केलेली दोन मोठी रोमन कौलं. "चौथं," वितालिया म्हणाली आणि गुडघ्यावर बसून कुंचल्याने माती झाडू लागली. माती जरा भुसभुशीत होती, पण कौलं तर रोमनच होती. एक कौल उचललं. आतल्या बरगड्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या होत्या. तिच्या छातीत दूध दाटून आलं, सदरा ओला झाला. तिने कोपर आडवं धरलं आणि उरलेल्या हाताने काम चालू ठेवलं.

मग कुंचल्याखाली बटण आलं. शिंपल्याचं, पांढरं, चार भोकांचं.

तिने मान वर केली. त्सिया मल्लेना स्टुलावरून उठली होती.

"ती तुमच्या रोमनांतली नाही," म्हातारी म्हणाली. "माझी आहे."

बाकीसने डोक्यावरची टोपी काढली. मग तो पाणी आणायला म्हणून लांब निघून गेला.

"जन्मल्यावर रडलीच नाही," म्हातारीने सांगितलं. "पाद्री म्हणाला, जीव नसलेल्याला बाप्तिस्म्याचं पाणी घालता येत नाही, आणि पाणी न घातलेल्याला दफनभूमीत जागा नाही. वाईट माणूस नव्हता. नियम सांगितला त्याने. कोझिमोला, माझ्या नवऱ्याला, कुंपणाचा खड्डा काढताना इथे एक रांजण लागला होता. आत काय आहे ते बघून त्याने परत झाकला, कुणाला बोलला नाही. त्या दिवशी मला म्हणाला, मल्लेना, तिथे आधीच लेकरं आहेत. एकटी नाही राहणार ती."

"किती वर्षं झाली?"

"सहासष्ट. मी तिला बघितलीसुद्धा नाही. सुईणीने गुंडाळून त्याच्या हातात दिली, त्याने इथलीच जुनी कौलं टेकवून तिला झाकली. झबल्याचं बटण मी लावलं होतं." ती खड्ड्याच्या काठाशी आली. "आता तू तिला नंबर देणार?"

वितालियाच्या मुठीत बटण होतं. ते खिशात टाकलं, तर वहीत चौथं रोमन मूल लिहून काम संपत होतं, आणि हिची लेक शहरातल्या पुरातत्त्व खात्याच्या वखारीत रोमन म्हणून पडून राहिली असती. माती परत लोटली, तर पावसाळ्याआधी लोखंडी खांब त्या बरगड्यांतून गेला असता. खरं कळवलं, तर पोलीस, सरकारी डॉक्टर, कागद. पण कागदांच्या शेवटी लेकीला आईचं नाव लागणार होतं.

"मला कळवावं लागेल," ती म्हणाली.

"नेतील शहरात. माझं वय बघ. परत येईपर्यंत मी असेन का?"

"मी बरोबर जाईन. दर आठवड्याला जाऊन बसेन त्यांच्या डोक्यावर. परत आणेन."

"वचन देऊ नकोस, पोरी. तुला घरी लेकरू आहे."

"म्हणूनच देतेय."

 म्हातारीची नजर वितालियाच्या ओल्या सदऱ्यावर गेली. वितालियाने स्वतःच्या गुडघ्यांखालची गादी काढून काठावर ठेवली आणि तिला हात दिला. "फोन करायला वेळ आहे. आधी बघून घ्या."

गुडघे टेकायला म्हातारीला बराच वेळ लागला. तिने कशालाच हात लावला नाही. शालीची टोकं फक्त मागे घेतली, आत माती पडू नये म्हणून.

"एवढीच?" तिने विचारलं.

"एवढीच, त्सिया."

वितालिया बुरुजाच्या सावलीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. ग्रेका कशी आहे हे विचारायला फोन उघडला आणि न लावताच बंद केला. नंतर पोलीस ठाण्याचा नंबर लावला.

अकरा आठवडे लागले. मृतात्म्यांच्या दिवसाआधी, नोव्हेंबरच्या दोन तारखेच्या आत, पांढरी पेटी गावात आली आणि कोझिमोशेजारी ठेवली गेली. दफनाच्या कागदावर नाव हवं होतं. म्हातारीने क्षणभरही न थांबता सांगितलं, सिमोना. हे नाव नवऱ्यालाही माहीत नव्हतं, असं ती बाकीसला म्हणाली. नव्या पाद्रीने ते मोठ्याने वाचलं. ग्रेका वितालियाच्या खांद्यावर झोपली होती.

दफनभूमीच्या फाटकाशी त्सिया मल्लेनाने वितालियाचं मनगट धरलं. "आणि ती तिघं?"

"वखारीत आहेत. नीट आहेत."

"एकत्र?"

वितालियाने नकारार्थी मान हलवली. प्रत्येक नंबराला वेगळी पेटी, वेगळं फडताळ, असा नियम होता.

"माझ्या लेकीला त्यांनी सहासष्ट वर्षं सांभाळलं," म्हातारी म्हणाली. तिने हात सोडला आणि उतारावरून घराकडे निघाली.

सोमवारी वितालिया वखारीत गेली. तिन्ही पिशव्या तीन फडताळांतून खाली काढल्या, एका पेटीत शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये मऊ कागद भरला. झाकणावर तिन्ही नंबर लिहिले. नोंदवहीत शेऱ्याचा रकाना होता. त्यात तिने लिहिलं: वेगळी करू नयेत. खाली सही केली.