चौदाव्या खेळीचा उंट

"अगं देसा, माझ्यापुढे माझाच बचाव येऊ देतेस?" काळा घोडा पटावर टेकवत तिहोमिर वासिच हसला. "माझी पुस्तिका वाचली नाहीस वाटतं?"

"दोनदा वाचली," देसांका म्हणाली आणि आपली खेळी करून तिने घड्याळाचं बटण दाबलं.

झ्रेन्यानिनच्या टपाल कचेरीत तिने सव्वीस वर्षं पत्रं निवडली होती. रविवारी ती शहराच्या संघातून पाचव्या पटावर खेळे. आज समोरच्या संघाच्या वासिचविरुद्ध दुसरा पट तिने मागून घेतला होता. "वासिच तुझं भरीत करेल," कप्तान म्हणाला. "करू दे," एवढंच ती म्हणाली.

हा बचाव तिच्या भावाचा. आजारपणात अंथरुणावर पट मांडून मिलेन्कोने तो बसवला. तो गेल्यावर तिहोमिर रिवाजाप्रमाणे कॉफीची पुडी घेऊन सांत्वनाला आला आणि आठवण म्हणून मिलेन्कोची वही घेऊन गेला. दोन वर्षांनी पुस्तिका निघाली, 'वासिच बचाव'. आत सगळ्या खेळ्या मिलेन्कोच्या. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

पण शेवटच्या आठवड्यात मिलेन्को तिला म्हणाला होता, "चौदाव्या खेळीला उंटानं प्यादं मारलं की सगळं कोसळतं गं. दुसरी वाट शोधतो." ती सापडली नाही. वहीत दुरुस्ती करायची ताकदही त्याच्या हातात उरली नव्हती. देसांकाने हे नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

चौदाव्या खेळीला तिहोमिरने जराही विचार न करता उंटाने प्यादं मारलं आणि कॉफी मागवली.

देसांकाने हत्तीचा बळी दिला.

कॉफी गार झाली. चाळीस मिनिटांनी त्याने आपला राजा आडवा केला.

"हे वहीत नव्हतं," तो पुटपुटला.

"कुठल्या वहीत?" तिने मोठ्याने विचारलं. शेजारच्या पटांवरची डोकी वळली.

तिहोमिरचे कान लाल झाले. डावाच्या कागदावर 'सुरुवात' या रकान्यात त्याने सवयीने आधीच स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. ते खोडून त्याने कागद तिच्याकडे ढकलला. "घे, लिही मिलेन्कोचं. त्याचाच होता. झालं समाधान?"

पुस्तिका निघाल्यापासून तिला हेच हवं होतं. तिने पेन्सिल उचलली. हा डाव छापून आला की हा बचाव पुन्हा कुणी खेळणार नव्हतं.

"तुमचाच राहू द्या," ती म्हणाली. खोडलेल्या नावावर तिने ठळक अक्षरांत 'वासिच' लिहिलं आणि कागद परत केला.

मग तिने मोहरी पुन्हा मांडली, दोन्ही बाजूंची. तो काळा उंट सर्वांत शेवटी, आपल्या घरात.