एकची गोळी, पाचची गोळी

माझी पहिली सहा पुस्तकं कुणी वाचली नाहीत. हा विनय नव्हे, हवं तर प्रकाशकाच्या गोदामात जाऊन बघा. माणसाच्या एकटेपणावर, नात्यांमधल्या अबोल्यावर मी जीव ओतून लिहिलं, चार समीक्षकांनी माना डोलावल्या आणि गठ्ठे तसेच पडून राहिले. मग पंचावन्नाव्या वर्षी मी एक खून लिहिला आणि एकदम लेखिका झाले. आता माझ्यामागे प्रकाशकाने एक पब्लिसिटीवाली लावून दिली आहे. ती मला मॅम म्हणते, माझ्या चेहऱ्यावर दिवा धरते आणि "जरा गूढ बघा ना" असं सांगते. मीही बघते. लाज कशाशी खातात हे मी पुस्तक आल्यानंतरच्या दोन महिन्यांत विसरले होते.

"मॅम, हे पूर्णपणे काल्पनिक आहे का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पूर्णपणे असं काही नसतं गं. एका खऱ्या गोष्टीवरून सुचलं," मी म्हटलं. म्हणजे माझ्या तोंडून निघून गेलं. ती खुर्चीतून उठलीच. दुसऱ्या दिवशी पोस्टरवर लाल अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित' आलं, आणि तिसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाखतीत डोळे बारीक करून म्हणू लागले, "ती व्यक्ती आजही आपल्यात आहे."

ती व्यक्ती म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

दादाचं औषधांचं दुकान आहे, आमच्या गावाच्या मुख्य रस्त्यावर, पोस्टाला लागून. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तो बसने तीन तास प्रवास करून माझ्या घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. चहा घेईना. मग एकदम हमसून रडायला लागला. बावन्न वर्षांचा माणूस, बाबा गेले तेव्हाही रडला नव्हता.

शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांच्या म्हाताऱ्या आईला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या, एक मिलिग्रॅमच्या. त्याच कंपनीची त्याच रंगाच्या पाकिटातली दुसरी गोळी येते, पाच मिलिग्रॅमची. आकडा काय तो वेगळा. दुकानात गर्दी होती, दादाने पाचचं पाकीट दिलं. म्हातारीने नऊ दिवस रोज पाचपट औषध घेतलं आणि नवव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. महिन्याअखेरीस दादा माल मोजायला बसला, तर पाचचं एक पाकीट कमी आणि एकचं एक जास्त. त्याने तीन वेळा मोजलं म्हणे.

"मी उद्या बाईंकडे जातो आणि सांगून टाकतो," तो म्हणाला.

मी त्याला जाऊ दिलं नाही. दुकान जाईल म्हटलं, लायसन जाईल, वहिनीने काय करायचं, तुझ्या पोरींची लग्नं व्हायची आहेत, आणि सांगून ती म्हातारी परत येणार आहे का? तासभर त्याची समजूत घातली. शेवटी त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "तू म्हणतेस तर राहू दे, ठमे. तू शिकलेली आहेस." मला ठमी म्हणणारा आता तो एकटाच उरला आहे.

त्यानंतर त्याला एक सवय लागली. औषध हातात द्यायच्या आधी तो पाकीट गिऱ्हाइकापुढे धरतो आणि म्हणतो, "वाचा." नाव वाचायचं, आकडा वाचायचा, मोठ्याने. मग तो स्वतः वाचतो, मग पुन्हा गिऱ्हाइकाने वाचायचं. खोकल्याच्या गोळीलाही हीच तऱ्हा. लोक वैतागायचे, "दादा, दुकान आहे का शाळा!" म्हणायचे, पण वाचायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायचा. हळूहळू ती गावाची गंमत होऊन बसली.

तर कादंबरीत मी सगळं बदललं. गावाचं शहर केलं, चुकीला खून बनवलं, खुनाला इस्टेटीचं कारण चिकटवलं, दादाला मिशा आणि बाहेरची बाई दिली. फक्त ते "वाचा" तेवढं ठेवलं. माझा औषधवाला खून पचवल्यावर जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला पाकीट वाचायला लावतो. संपादक म्हणाला, हे पान म्हणजे सोनं आहे. मलाही ते माहीत होतं. चारशे पानांत तेवढं एकच पान खरं होतं, ते कसं काढणार? आणि दोन हजार माणसांच्या गावात त्या काउंटरवर उभं राहून प्रत्येकाने पाकीट वाचलंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं नाही म्हणते खरी. बहुतेक मी येऊ दिलं नाही.

पब्लिसिटीवालीला जेव्हा कळलं की माझं मूळ गाव अमुक आहे, तेव्हा तिने तिथल्या वाचनालयात कार्यक्रम ठरवूनच टाकला. "घरच्या माणसांमध्ये वाचन, मॅम, किती छान दिसेल!" तोवर तारीख छापूनही झाली होती. म्हणजे रद्द करता आली असती. आजारी पडता आलं असतं. माणसं लग्नाला न जायला आजारी पडतात.

दादाने पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो पाकिटांवरच्या बारीक अक्षरांपलीकडे काही वाचत नाही. पण माझं पुस्तक म्हटल्यावर त्याने पंधरा प्रती मागवून काउंटरवर खोकल्याच्या बाटल्यांशेजारी मांडल्या होत्या. "माझ्या बहिणीने लिहिलंय," असं सांगून त्याने औषधाबरोबर त्या खपवल्या. एक प्रत गणिताच्या बाईंना त्यानेच दिली.

कार्यक्रमाला तो दुपारीच दुकान बंद करून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसला. साठ खुर्च्या होत्या, त्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. पब्लिसिटीवालीने मोबाइल तिकाटण्यावर लावला.

"मी पहिलं प्रकरण वाचते," मी तिला हळूच म्हटलं.

"नाही हं मॅम, ते 'वाचा'वालंच. सगळीकडे तेच चाललंय."

"इथे नको गं."

"का?"

मी समोर बघितलं. आधीच्या पुस्तकांच्या कार्यक्रमांना बारा माणसं असायची, त्यातली चार चहासाठी आलेली. इथे माणसं उभी होती. दादाने मला बघून हात वर केला, लहान मुलाला शाळेच्या नाटकात बघून करतात तसा. मी पुस्तक उघडलं आणि ते पान वाचायला लागले.

पहिल्या "वाचा"ला खसखस पिकली. दुसऱ्याला मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला दादा!" सगळे हसले, दादाही मान खाली घालून हसला, वहिनीने त्याला कोपराने ढोसलं. मी वाचत राहिले. मग ते वाक्य आलं, औषधवाला हे का करतो ते सांगणारं. चुकीच्या आकड्याचं पाकीट, नऊ दिवस, म्हातारी, तिची इस्टेट. नऊचा आकडासुद्धा मी बदलला नव्हता हे मला तेव्हा, वाचता वाचता, कळलं. हसू थांबलं. मी वर बघितलं नाही. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या, पण जेमतेम.

पब्लिसिटीवाली म्हणाली, "कुणाला काही विचारायचं आहे का?"

गणिताच्या बाई उभ्या राहिल्या. आता रिटायर झाल्या आहेत, केस पांढरे, आवाज मात्र तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"तुम्ही मुलाखतीत म्हणालात, की ही खरी घटना आहे."

"तसं म्हणजे... लेखक इकडून तिकडून घेत असतो, बाई."

"दादांना ही सवय अकरा वर्षांपूर्वी लागली. माझी आई गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात. मला नक्की आठवतंय, कारण पहिल्यांदा त्यांनी मला वाचायला लावलं तेव्हा माझा चष्मा फुटला होता, आणि मी आईचा चष्मा लावून वाचलं होतं. आई नऊ दिवस नवीन पाकिटातल्या गोळ्या घेत होती. तर यातलं खरं काय आहे, तेवढंच मला सांगा."

मला सांगता आलं असतं. निदान गप्प तरी बसता आलं असतं. पण मी त्या गावासमोर, दादासमोर, माइक तोंडाशी धरून म्हटलं, "सगळं काल्पनिक आहे. लेखकाची कल्पनाशक्ती असते."

"खरं आहे, बाई," दादा म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. वहिनी त्याचा शर्ट धरून खाली ओढत होती. "मुद्दाम नाही केलं. ते पैशाचं, इस्टेटीचं, ते हिने घातलंय. पण पाकीट मी चुकीचं दिलं. एकच्या ऐवजी पाचचं. माल मोजताना मला कळलं."

"तेव्हाच कळलं?"

"हो."

"अकरा वर्षं झाली, दादा."

"हो."

बाईंनी पर्स उचलली. माझं पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि माणसांमधून वाट काढत त्या निघून गेल्या. मला वाटलं आता हॉल रिकामा होईल. कसला होतोय! लोक टेबलाशी आले. होत्या तेवढ्या सगळ्या प्रती दहा मिनिटांत गेल्या आणि मी मान खाली घालून सह्या केल्या. पब्लिसिटीवाली घाबरली होती, तिचे डोळे भरले होते, तरी तिने मोबाइल बंद केला नव्हता. आणि ऐका, आता लपवून काय करायचंय: पहिली गोष्ट मी तिला विचारली ती "रेकॉर्ड झालं का?" हीच.

मान वर केली तेव्हा दादा आणि वहिनी कधीच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. वहिनी बाहेरच्या पायरीवर बसली होती. तिने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. बरोबर आहे, मीही फिरवलं असतं. आत दादा पाकिटं खोक्यांत भरत होता. लायसन परत करण्याचा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहून काउंटरवर ठेवला होता.

"दादा, लगेच कशाला? मी खुलासा देते. पेपरात देते. म्हणते, तो माणूस वेगळा होता."

"मी बाईंकडे जाऊन आलो," तो म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. "आईला गोळ्या त्या स्वतः द्यायच्या. ती गेली त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, की गोळी चुकून दोनदा दिली का? त्या म्हणाल्या, आठवत नाही. मग त्यांना वाटायला लागलं, की दिलीच असणार. शाळेच्या परीक्षा होत्या, डोकं ठिकाणावर नव्हतं, दोनदाच काय, चारदा दिली असेल. अकरा वर्षं त्या असंच समजून चालल्यात, ठमे. बहिणींनी विचारलं तर काय सांगायचं म्हणून त्यांनी माहेरच्या माणसांशी बोलणं टाकलं. आणि दर महिन्याला इथे येऊन माझ्यासमोर उभं राहून पाकीट वाचत होत्या."

मी स्टुलावर बसले.

"रागावल्या?" मी विचारलं.

"नाही. पाणी दिलं मला. म्हणाल्या, तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं हो."

तो परत खोकं भरायला लागला. डोकेदुखीच्या गोळ्या एका बाजूला, तापाच्या दुसऱ्या. प्रत्येक पाकीट तो पुटपुटत वाचत होता. माझा फोन वाजला. प्रकाशकाचा होता. कालचा तो प्रकार रात्रीत पन्नास हजार जणांनी बघितला होता आणि नवी आवृत्ती छापायला गेली होती. मी "नंतर बोलते" म्हणून ठेवला.

मग माझ्याकडे पाठ करूनच दादाने विचारलं, "त्या दिवशी मी सांगायला जाणार होतो. तू मला थांबवलंस. ते माझ्यासाठीच ना गं?"

त्या दुपारी तो घरातून निघाला, बस पकडायला कोपऱ्यावर वळला असेल नसेल, तोवर मी वही काढली होती. नऊ दिवस, एकाच रंगाची दोन पाकिटं, तीन वेळा मोजलेला माल, सगळं लिहून काढलं होतं. आणि समजूत घालतानाच माझ्या मनात येऊन गेलं होतं, की याने जाऊन गावभर सांगितलं तर यात लिहिण्यासारखं काय उरणार.

"हो, दादा," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि मला चहा सांगायला वहिनीला हाक मारली.