अकरावी दुरुस्ती

छापखान्यात त्याला सगळे पट्टीमास्तर म्हणत. ओळीखाली पोलादी पट्टी धरल्याशिवाय हा माणूस एक अक्षर वाचत नसे. अरबीची शालेय पुस्तकं त्याच्या नजरेखालून जात, आणि तीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक सुटली नव्हती. वाकडं वाक्य दिसलं की त्याचे हात शिवशिवत. आलेलं पत्रसुद्धा हा दुरुस्त करून परत पाठवतो, अशी थट्टा चाले. ती अगदीच खोटी नव्हती.

थोरला भाऊ नेमका उलटा. दादा शाळेत अरबी शिकवायचा आणि घरात येरझाऱ्या घालत, बोटांनी ठेका धरत अरबीतच कविता रचायचा. आई गेली तेव्हा त्याने तिच्यावर बावीस ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच यमक, 'उम्मी'शी जुळणारं. उम्मी म्हणजे माझी आई. कागद छापायला धाकट्याच्या हाती देताना दादा म्हणाला, "तू बघतोयस ना? मग मी प्रूफं बघत नाही."

तिथेच घात झाला. साध्या अरबी वाक्यात आधी क्रियापद येतं आणि त्याच्यामागोमाग ते करणारा. दादाच्या तिसऱ्या ओळीत आधी 'उघडं ठेवायची', मग दार, मग उशिरा येणारी लेकरं, आणि आई पार शेवटी. यमक पट्टीमास्तरला दिसत नव्हतं असं नाही. पण यमकापायी आणि वृत्तापायी दादाने वाक्यांचे हातपाय पिरगाळलेत, वाचणाऱ्याला कळायला नको का, असं त्याला मनापासून वाटलं. दहा ओळींत त्याने शब्द उचलून 'जागेवर' बसवले. शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द तर काढूनच टाकला, कारण त्याच्यावाचून अर्थ पुरा होत होता. एकदाही मोठ्याने वाचून बघितलं नाही. वाचणं हे डोळ्यांचं काम, तोंडाचं नव्हे, हा त्याचा खाक्या. छपाई झाल्यावर छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे दादाच्या हातचे कागद रद्दीत गेले.

पुस्तिका आली, घरी चार आप्त जमले, दादा वाचायला उभा राहिला. तिसऱ्या ओळीत अडखळला. त्याने पान उलटलं, शेवटची ओळ बघितली आणि पुस्तिका मिटून खाली बसला. बिचाऱ्याचा गळा दाटला, असं सगळे हळहळले. पट्टीमास्तरने तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर दादाने एक ओळ लिहिली नाही. आईबरोबर कविताही गेली, असं धाकटा लोकांना सांगत राहिला.

सहा वर्षांनी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. एका दुपारी उशाशी बसल्या बसल्या पट्टीमास्तरने फळीवरची पुस्तिका काढली आणि जन्मात पहिल्यांदा कविता मोठ्याने वाचायला घेतली. दादाचं बोट चादरीवर ठेका धरू लागलं. दोन ओळी ठीक गेल्या. तिसरीत बोट एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. बोट थांबलं.

त्याने पुन्हा वाचलं. बोट पुन्हा तिथेच थांबलं. मग, का कोण जाणे, त्याने मधली आई उचलून ओळीच्या शेवटी नेली. बोट न अडखळता शेवटपर्यंत चालत गेलं. दार, लेकरं, आणि सगळ्यात शेवटी, वाट बघायला लावून, आई. दादाने डोळे मिटून घेतले.

पट्टीमास्तरने पुस्तिका खाली ठेवली.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनी औषधाचा चमचा पुसत दारात उभी होती. "होतं ना. त्याच दिवशी म्हणाले, धाकट्याने जीव ओतून केलंय, त्याला बोलू नकोस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तो पुन्हा वाचायला बसला, या वेळी पट्टीशिवाय. एकेक शब्द मागेपुढे करून बघायचा, बोट चाललं की पुढची ओळ. संध्याकाळपर्यंत दहाही ओळी सरळ झाल्या, म्हणजे पुन्हा वाकड्या झाल्या. मग शेवटची आली.

ती त्याने वाचली. शब्द संपले तरी बोट अजून चालतच होतं. बोटाने आणखी दोन ठोके दिले, तिथे काहीच नव्हतं. बोट हवेत थांबलं.

पट्टीमास्तरने आठवेल तो जुळणारा शब्द तिथे ठेवून पाहिला. प्रत्येकाला बोट नाही म्हणालं.

"दादा, नाही रे आठवत," तो रडू लागला. "मीच काढला, आणि मलाच आठवत नाही."

दादाचे ओठ हलले. शब्द त्याला पाठ होता. पट्टीमास्तर ओणवा झाला आणि त्याने कान त्या ओठांशी नेला. नुसता श्वास ऐकू येत होता.