सुटलो एकदाचा!

मित्रांनो, मी एक डार्ट आहे, म्हणजे बोर्डावर नेम धरून फेकायचा छोटा बाण. जुना आहे, अंगावरच्या खाचा झिजल्यात, आणि तीन भावांत मी धाकटा, म्हणजे शेंडेफळ. माझी लांबी तुमच्या पेन्सिलीपेक्षा थोडी कमीच. पण एवढ्याशा जिवाने जगज्जेतेपदाचा सामना पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, संपवला आहे! तीच हकीकत आज सांगतो.

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर झाला. मला घडवलं ते टर्नरदादाने. आम्ही टंगस्टनचे. हा धातू भलताच कडक. दादाची दोन हत्यारं त्याने बोथट केली, तेव्हा कुठे आम्हाला आकार आला. माझ्या वेळी हत्यार जरासं घसरलं आणि माझ्या कमरेला एक तिरका ओरखडा पडला.

"हा गेला वाया," दादा म्हणाला. "दुसरा करतो."

पण जिच्यासाठी आम्हाला घडवलं जात होतं ती त्याची धाकटी बहीण शेजारीच उभी होती. तिने मला उचललं, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "राहू दे रे दादा. न बघता कळेल मला, हातात कोण आलंय ते. याला मी शेवटी फेकत जाईन."

दादाने आम्हाला घडवलं म्हणून तो आमचा बाप, आणि त्याची बहीण म्हणून ती आमची आत्या. आम्ही तिला मनातल्या मनात आत्याच म्हणायचो. जग मात्र तिला सिस्टर म्हणायचं, कारण ती एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती आणि सकाळभर लोकांचं रक्त काढायची. तिच्या हाताची सुई कळत नाही असं म्हणत लोक तिच्याच रांगेत उभे राहायचे.

दुपारी ड्यूटी संपली की ती थेट वर्कशॉपमध्ये यायची. मागच्या भिंतीवर वाखाचे तंतू ठासून भरलेला गोल बोर्ड होता. त्यावर कलिंगडाच्या फोडींसारखे वीस भाग, प्रत्येकाला एक ते वीसपैकी एक आकडा. मधल्या अरुंद पट्टीत डार्ट बसला की आकडा तिप्पट, अगदी बाहेरच्या पट्टीत बसला की दुप्पट. पाचशे एकपासून वजा करत करत बरोबर शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट दुपटीच्या पट्टीतच बसला पाहिजे. एका पाळीला तीन डार्ट. खेळ एवढाच. पण भल्याभल्यांना घाम फोडतो.

आत्याने पुष्कळांना घाम फोडला. आधी गावातले हरले, मग देशातले. खेळाडूंना या खेळात टोपणनावं असतात. तिचं नाव पडलं 'सुई'. आणि एक दिवस आम्ही जागतिक स्पर्धेच्या मंचावर जाऊन पोचलो.

काय सांगू तुम्हाला! लांबच लांब टेबलं, त्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसं. कुणी विदूषक होऊन आलेलं, कुणी राजा, एक तर चक्क केळं. एका पाळीत एकशे ऐंशी झाले, म्हणजे तिन्ही डार्ट वीसच्या तिपटीत बसले, की सगळे उड्या मारायचे. "सुई! सुई!" असा गजर व्हायचा आणि आत्या एकेकाला हरवत उपांत्य फेरीत पोचली. समोर होता गतवर्षीचा विजेता. धंद्याने खाटीक, अंगाने आडदांड, म्हणून त्याला 'डोंगर' म्हणत. बघून छाती दडपावी, पण माणूस लोण्यासारखा मऊ.

त्या सामन्यात आत्या पुढे होती. माझी पाळी आली. तिने मला चिमटीत धरलं, कोपर मागे घेतलं, पुढे आणलं आणि मला सोडलंच नाही. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मी तिच्या बोटांतच. मित्रांनो, बाहेरून दिसत नव्हतं, पण मला आतून कळत होतं. ती बोटं थरथरत नव्हती, दुखत नव्हती. ती फक्त उघडत नव्हती. कुणीतरी आतून कडी लावून घ्यावी तशी.

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. मग एक जण ओरडला, "अहो बाई, सोडा की!" मग सगळेच ओरडायला लागले. शेवटी मी सुटलो तो कसाबसा, आणि बोर्ड चुकवून भिंतीवर आपटलो. त्यानंतर आत्याचा एकही डार्ट धड गेला नाही. ती हरली.

परत आल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात तपासला. "हात ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पुष्कळ खेळाडूंना होतं असं. औषध नाही यावर." आणि खरंच, तोच हात दुसऱ्या दिवशी तान्ह्या बाळाची शीर एका फटक्यात शोधत होता. फक्त आम्ही हातात आलो की कडी.

दादाला हे पटेना. तो रोज तिला बोर्डासमोर उभं करायचा. एक दिवस त्याचा तोल गेला. "जमत नाही म्हणजे काय? फेक ना! हात आहे की शिकंजा?"

आत्याने आम्हाला पर्समध्ये टाकलं आणि दार आपटून निघून गेली. भावाबहिणीचं बोलणं बंद झालं.

आमचे वाईट दिवस सुरू झाले. आमची रवानगी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये झाली. तिथे संपलेले सेल, रबरबँड, कुलूप हरवलेल्या किल्ल्या. घरात माणसं दोनच, आत्या आणि तिच्या सासूबाई. यजमान जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सासूबाई मोठ्या हिकमती. थोरल्या भावाला त्यांनी कुंडीतल्या वेलीला टेकू म्हणून खोचलं. मधला दुधाच्या पिशव्या फोडू लागला. आणि मी? जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी खेळलेला मी गॅसच्या बर्नरची भोकं साफ करत होतो! माझी शेपटीची पिसं जळाली, टोक वाकडं झालं, अंगावर काजळी चढली. आत्या मला तिथे बघायची आणि नजर वळवायची.

सासूबाईंना साखरेचा विकार. रोज सकाळी आत्या त्यांना इन्शुलिनचं इंजेक्शन द्यायची, आणि सासूबाई रोज नव्याने घाबरायच्या. आत्याची युक्ती ठरलेली होती. अशीच एक सकाळ. मी गॅसच्या कट्ट्यावर पडलो होतो.

"आई, काल त्या मालिकेत काय झालं हो? मला झोप लागली."

"अगं, काय सांगू, त्या धाकट्या जावेने सगळे दागिने घेतले आणि सरळ..." सासूबाई थांबल्या. "टोचलंस? कधी टोचलंस? दरवेळी फसवतेस मला!"

आत्या हसली नाही. ती हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे बघत राहिली. "आई, तुमचं लक्ष दुसरीकडे असतं म्हणून तुम्हाला कळत नाही," ती हळूच म्हणाली. "आणि तुमच्याकडे लक्ष असतं म्हणून माझ्या हाताला कळत नाही."

तिने मला उचललं. काजळीने तिचा अंगठा काळा झाला. समोर कोठीच्या खोलीचं लाकडी दार होतं.

"आई, मग पुढे काय झालं? दागिने घेऊन कुठे गेली ती?"

"जाते कुठे! नवऱ्याने दारातच..."

आणि मी सुटलो! हवेत होतो, मित्रांनो, कितीतरी काळाने हवेत होतो! पिसं नव्हती, टोक वाकडं होतं, पण ठक्कन जाऊन दारात रुतलो.

"अगं बाई, दाराला भोक पाडलंस!" सासूबाई ओरडल्या.

"हो आई, पाडलं!" आत्या म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "पाडलं मी भोक!"

त्याच दुपारी तिने थोरल्याला कुंडीतून काढलं, मधल्याला धुतलं आणि आम्हा तिघांना घेऊन वर्कशॉप गाठलं. दादा लेथवर वाकला होता. तिला बघून त्याने मशीन बंद केलं.

"टोकं बदलून हवीत," आत्या म्हणाली.

दादाने मला उजेडात धरलं. "ही काजळी कसली?"

"बर्नरची."

दादाचा चेहरा आधी रडवेला झाला, मग त्याला हसू फुटलं ते आवरेचना. "चिमणे, त्या दिवशी मी तुला बोललो ते..."

"मीही दार आपटलंच की. बिजागरी निखळली होती ना?"

"अजून लावली नाही. आत येताना जपून ये म्हणून सांगणार होतो."

त्याने आम्हाला नवी टोकं बसवली, नवी पिसं लावली. मग सराव सुरू झाला. सुरुवातीला सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या, मालिका सांगायच्या, आणि आत्या त्यांच्या वाक्याच्या मध्येच आम्हाला सोडायची. पुढे पुढे ती स्वतःच ओठांतल्या ओठांत विचारायला लागली. 'काय आजोबा, नाश्ता झाला का?' 'काय गं बाळ, शाळेचं नाव काय तुझ्या?' समोर रोजचे पेशंट आहेत असं समजायची आणि सोडून द्यायची. कधी कधी कडी पुन्हा लागायची. मग ती मला खाली ठेवायची, पाणी प्यायची आणि परत उभी राहायची. ती घाई करत नव्हती, दादाही करत नव्हता.

असं करत करत आम्ही पुन्हा जागतिक स्पर्धेत पोचलो. वर्तमानपत्रांनी तिच्या पुटपुटण्याच्या बातम्या छापल्या. लोकांना तिची युक्ती पाठ झाली. ती उभी राहिली की टेबलांवरून आरोळी यायची, "सिस्टर, आमचा नाश्ता झाला!" या वेळचं हसणं वेगळं होतं. एकेक फेरी ओलांडत ती अंतिम सामन्यात गेली. आणि समोर कोण? डोंगर!

रविवारची दुपार होती. पहिल्या रांगेत दादा आणि सासूबाई. काय सामना झाला म्हणता! डोंगराने एकशे ऐंशी मारले की आत्याचे पाठोपाठ एकशे ऐंशी. शेवटी दोघांची बरोबरी झाली आणि एकच निर्णायक डाव उरला. डोंगराला हवे होते बत्तीस. ते तो डोळे मिटून काढेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला हवे होते एकशे एकवीस, आणि हातात फक्त आम्ही तिघं.

थोरला गेला आणि वीसच्या तिपटीत बसला. साठ! मधला गेला, पंधराच्या तिपटीत. पंचेचाळीस! उरले सोळा. म्हणजे आठची दुप्पट, म्हणजे बोर्डाच्या कडेची एक चिंचोळी पट्टी. म्हणजे मी.

आत्याने मला धरलं, कोपर मागे नेलं. 'काय आजोबा...' ती पुटपुटली. बोटं उघडली नाहीत. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. कडी! मला तिच्या बोटांतले ठोके ऐकू येत होते. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी खिदळलं. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या डोंगराने दोन्ही हात वर केले आणि ओठांवर बोट ठेवलं. सगळी माणसं गप्प झाली.

आत्याने हात खाली घेतला. एक श्वास घेतला. पुन्हा मला वर उचललं, आणि बोर्डावरची नजर न हलवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय हो, मुलं किती तुम्हाला?"

मित्रांनो, हा प्रश्न डोंगराला होता. तिची युक्ती त्याला पुरती माहीत होती. तो गप्प राहिला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. त्याच्या आणि जगज्जेतेपदाच्या मध्ये अवघा एक डार्ट होता, आणि तो डार्ट मी होतो.

"तीन," डोंगर म्हणाला. "दोन गुणी आहेत. पण धाकटी, काय सांगू सिस्टर, इतकी द्वाड..."

मी सुटलो!

असा सुटलो की मागे वळून बघितलं नाही. सरळ आठच्या दुपटीत, पट्टीच्या कडेच्या तारेला चाटून आत! पंच ओरडले ते कुणालाच ऐकू आलं नाही. छत उडून जाईल असा जल्लोष झाला. केळं टेबलावर नाचत होतं. दादा खुर्चीवर उभा राहून लहान मुलासारखा रडत होता, आणि सासूबाई शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड हलवत सांगत होत्या, "सून आहे माझी! सून!"

डोंगराने आत्याला उचलून एक गिरकी घेतली. "सिस्टर," तो म्हणाला, "टोचलंत कधी ते कळलंच नाही!"

"पण तुम्ही बोललात कशाला?" आत्याला हुंदका आवरत नव्हता.

"विचारलंत म्हणून," डोंगर म्हणाला. "आणि गप्प राहून जिंकलो असतो, तर घरी त्या तिघांना काय सांगितलं असतं?"

नंतर एका संग्रहालयाचे लोक मला न्यायला आले होते. मखमलीवर, काचेच्या पेटीत ठेवणार म्हणाले. आत्याने नम्रपणे नकार दिला. दादा दर महिन्याला माझं टोक घासतो, तेलाचा हात फिरवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी खेळायची, वाजवायची, रंगवायची एखादी वस्तू पडून असेल. एखाद्या दिवशी जमलं नाही म्हणून तुम्ही ती ठेवून दिली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, आणि तिचं काम तिला परत करू द्या. आणि कधी तुमच्यासमोर कुणी अडखळत उभं राहिलं, तर त्याला घाई करू नका. त्याने काही विचारलं तर मनापासून उत्तर द्या, मग खेळ हातचा गेला तरी चालेल. डोंगर हरला, पण त्या दिवशी मंचावरून उतरताना सगळं सभागृह त्याच्यासाठीही उभं राहिलं होतं. मी बोर्डावरून पाहत होतो. माझ्या विजयाइतकंच ते मला सुंदर दिसलं.