मुनव्यांचं पाणी

वसईजवळच्या सांडोर गावच्या एकनाथने आपल्या मुलीला शब्द दिला होता : तुझ्या दारात केळी लावून मगच मी परत फिरेन.

मुलीचं नाव सरला. तिचा नवरा जगन्नाथ मारवाडच्या वाळवंटात, विहिरी खोदणाऱ्या सरकारी छावणीवर कामाला होता. लग्नानंतर तो एकटाच तिकडे गेला, कारण तिथे प्यायलाच पाणी नव्हतं. एकोणीसशे त्रेपन्न सालच्या सुरुवातीला नव्या विहिरीला गोडं पाणी लागलं आणि सरलाने नांदायला यावं असं ठरलं. जायला तिची ना नव्हती. पण बारा महिने हिरव्या बागेत वाढलेल्या मुलीला एकही झाड नसलेला गाव डोळ्यांपुढे आणता येईना. "तिथे सकाळी दार उघडून बघायचं तरी काय?" असं ती आईला विचारायची.

म्हणून एकनाथने बागेतले मुनवे न्यायचं ठरवलं. मुनवा म्हणजे मोठ्या केळीच्या बुंध्याशी जमिनीतून फुटणारं पिल्लू. ते कंदासकट खणून दुसरीकडे लावलं की तिथे नवी केळ उभी राहते. मात्र वाटेत कंद सुकता कामा नये. मालगाडीच्या बंद डब्यात तो तापून कुजतो. तेव्हा एकनाथ कुंपणापलीकडच्या ऑगस्टीनकडे गेला. ऑगस्टीनने लष्कराच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला होता आणि त्यावर त्याचा मुलापेक्षा जास्त जीव होता.

"वाळवंटात?" ऑगस्टीन म्हणाला. "एकनाथभाऊ, माझा ट्रक लढाईतून जिवंत सुटला, तो तुझ्या केळींसाठी मारू?"

पण दोन दिवसांनी त्यानेच ट्रकच्या मागच्या बाजूला ताडपत्री बांधली. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेले मुनवे रचले आणि त्यांच्यावर शिंपडायला पाण्याचं एक पिंप ठेवलं. माणसांच्या पिण्यासाठी वेगळा डबा घेतला.

अहमदाबाद गेलं, पालनपूर गेलं. मग रस्ता बारीक होत होत वाळूत मिळून गेला. मुक्काम कुठे करायचा हा प्रश्नच उरला नाही, कारण सगळीकडे सारखंच होतं. संध्याकाळी ट्रक थांबवायचा, तीन दगड मांडायचे, खुरट्या झुडपांच्या काटक्यांवर खिचडी शिजवायची. सरला ट्रकमध्ये झोपे आणि ते दोघे चाकांजवळ. एकनाथ आधी मुनव्यांवर पाणी शिंपडी, मग हातपाय पसरी.

"चोर आला तर?" सरलाने पहिल्या मुक्कामी विचारलं.

"येऊ दे की, बाय," ऑगस्टीन घोंगडीतून म्हणाला. "लपायला झाड नाही. दिवसभर चालत येताना दिसेल. आपण चहा टाकून ठेवू."

सरला हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

छावणी एका दिवसावर आली तेव्हा एक चूक झाली. पुढे दोन वाटा दिसत होत्या. डावीकडे पांढरी, भुसभुशीत वाळू होती आणि उजवीकडे लांबवर काळपट, सपाट, ओलसर जमीन. तिघांनाही एका क्षणाची शंका आली नाही. वसईच्या किनाऱ्यावर पोरांनासुद्धा ठाऊक असतं की बैलगाडी न्यायची ती काळ्या ओल्या वाळूवरून. तिथे चाक दगडावर असल्यासारखं चालतं. पांढऱ्या वाळूत गेलं की बैल थकून बसतात.

"हे बघ, घरचा रस्ता आला," असं म्हणत ऑगस्टीनने ट्रक उजवीकडे घेतला.

समुद्राची वाळू रोज भरतीच्या पाण्याने दाबली जाते, म्हणून ती घट्ट असते. इथे समुद्र नव्हता. वर मिठाची पातळ पापडी होती आणि खाली नुसता खारा गाळ. थोडं पुढे गेल्यावर पापडी फुटली आणि मागची चाकं आसापर्यंत खाली गेली. ऑगस्टीनने इंजिन गरगरवलं, चाकं आणखी रुतली. मग पुढून वाफेचा लोट उठला. रेडिएटरमधलं पाणी उकळून गेलं होतं.

तिघं खाली उतरली. ऑगस्टीन डोकं धरून चाकाशी बसला.

"चाळीस वर्षं वाळूवर गाडी हाकली," तो म्हणाला, "आणि शेवटी वाळूनेच तोंडाला काळं फासलं."

"आम्ही तरी कुठे अडवलं तुला?" एकनाथ म्हणाला. "आता काय करायचं ते सांग."

ऑगस्टीन उठला. पुढे जायचं नाही, आल्या चाकोरीनेच मागे यायचं, असं त्याने सांगितलं. मुनवे उतरवून त्यांनी मागच्या कोरड्या वाळूवर ताडपत्रीच्या सावलीत ठेवले. ट्रकच्या बाजूच्या फळ्या काढून चाकांमागे घातल्या. टायर जमिनीवर पसरावेत म्हणून त्यांतली थोडी हवा सोडली. सगळं झालं. राहिलं फक्त पाणी. पिण्याच्या डब्यात तळाशी थोडं होतं, त्याला हात लावणं शक्य नव्हतं. रेडिएटर भरेल एवढं पाणी पिंपातच होतं.

एकनाथ पिंपाकडे बघेना. "थोडं थांबू," तो म्हणाला. "कोणीतरी येईल."

"कोण येणार, बाबा? सकाळपासून एक उंट दिसला नाही."

"उद्यापर्यंत कंद सुकतील, सरला. मी तुला शब्द दिलाय."

"मग तहान लागल्यावर शब्द पिऊ का मी?" सरला ताडकन म्हणाली.

एकनाथने स्वतःच तांब्या उचलला आणि पिंपातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतायला लागला. एक थेंब सांडू दिला नाही.

इंजिन सुरू झालं. एकनाथ आणि सरला पुढून ढकलत होती. ट्रक हलला, घसरला, पुन्हा हलला आणि फळ्या कडकडा मोडत मागे कोरड्या वाळूवर आला. ऑगस्टीनने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. सरला हाताने चिखल निपटत तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पांढऱ्या वाळूतून कण्हत कण्हत छावणीवर पोचले. जगन्नाथ धावत आला. सगळे बोलत होते, पाणी पीत होते. एकनाथ मात्र ट्रकच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मुनव्यांची पानं करपून काळी पडली होती.

"बाबा, आतून बघा ना," सरला जवळ येऊन म्हणाली.

त्याने कोयता घेऊन एक मुनवा कंदाच्या जरा वर आडवा छाटला; कंद जिवंत असला तर छाटल्यावरही तो पुन्हा फुटतो. आत तपकिरी, कोरडं. त्याने तो बाजूला टाकला. दुसरा छाटला. कापलेली जागा पांढरीशुभ्र होती, आणि बघता बघता तिच्यावर चिकाचे बारीक थेंब जमले. सरलाने त्यावर अंगठा दाबला. तो चिकटला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. मग मोठ्याने ओरडली, "अहो, जिवंत आहे!"

एकनाथ एकेक छाटत गेला. काही गेले होते, पण जास्त राहिले होते. ऑगस्टीन आणि जगन्नाथ खड्डे खणायला लागले. सरला पदर खोचून विहिरीचं पाणी आणत होती, चिकाने डागाळलेल्या हातांनी प्रत्येक कंदाभोवती माती दाबत होती.

"एकनाथभाऊ, हा खड्डा पुरे का?" ऑगस्टीनने विचारलं.

एकनाथ ट्रकच्या सावलीत आडवा झाला होता आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, घोरत होता.