कयाधूच्या दरडीतलं हाड

१९७४चा उन्हाळा. कयाधूच्या कोरड्या पात्रात अमृतराव गुडघ्यांवर बसला होता. दरडीतल्या गोट्यांच्या थरातून डोळ्याच्या खोबणीचं हाड डोकावत होतं, वर भुवईसारखा जाड उंचवटा. मूळचा सेनगावचा हा संशोधक औरंगाबादहून दर उन्हाळ्यात आदिमानवाची कवटी शोधायला येत होता. आज ती सापडली होती. निदान सकाळपासून तो तसं स्वतःला बजावत होता.

बातमी तांड्यावर पोचली आणि बघता बघता माणसं जमली. पुढं लालसिंग, हातात कुऱ्हाड.

"हात लावू नका, साहेब. गेल्या पुरात माझा भाऊ हितंच वाहून गेला, घावलाच नाही. त्याला आमी आग्नी देणार."

"हे लाखो वर्षांपूर्वीचं हाड आहे. दगड झालाय त्याचा."

"तुमी म्हणता. माणसाचं निघालं तर आमी नेणार, बस."

मागं त्या वाहून गेलेल्या भावाची बायको बेबीबाई उभी होती. तिच्या कानशिलांवर सवाशिणीच्या चांदीच्या घुगऱ्या अजून लटकत होत्या. तांड्यानं लाख सांगूनही तिनं त्या काढल्या नव्हत्या. हाडाकडं ती बघतच नव्हती, अमृतरावच्या तोंडाकडं बघत होती.

माणसाचं ठरलं तर कवटी जळणार. नाही ठरलं तर त्याची सगळी मेहनत पाण्यात. त्यानं दाभण उचललं आणि हाडावरचं चुनखडीचं कवच खरवडायला घेतलं. घाम डोळ्यांत उतरत होता. एक ढलपी निघाली आणि उंचवट्यामागं मोडका गोल खुंट उघडा पडला. त्यानं त्यावर बोट फिरवलं आणि दाभण बाजूला टाकलं.

"बैल आहे," तो म्हणाला. "जुन्या काळचा रानबैल. हे शिंगाचं बूड."

लालसिंग वाकला. खुंटावरून त्यानं बराच वेळ अंगठा फिरवला, मग कुऱ्हाड खाली ठेवली.

"व्हय. शिंगच हाय. मला वाटलं, आज सुटंल बिचारा."

माणसं पांगली. अमृतराव तिथंच बसून राहिला, हत्यारं गोळा करायचंही त्याला सुचेना. बेबीबाई मात्र हलली नव्हती.

"उद्या खणून राहिले का तुमी?"

त्यानं पडलेलं दाभण उचललं. "खणणार," तो म्हणाला.

"मंग मीबी येते टिकाव घेऊन. माणसाचं काई निघालं, तर आधी मला दाखवायचं."

"आधी तुम्हालाच."

ती दरड चढून तांड्याकडं निघाली.